तेरा टिकल्या

दस्तगीरभाईंनी हाक मारली ती मला ऐकू आली नाही.
तांबट आळीत चाळीस वर्षं घंगाळं ठोकलेल्या माणसाचे
कान हातोडीकडे गहाण असतात.
पोरगं पाठवलं त्यांनी. गेलो.

टेबलावर एक काळी लांब फळी.
पडदे नाहीत, खुंट्या खाली पोटाशी, भोपळा तर नाहीच.
हा मिरजेचा माणूस, पणजा तलवारी घासायचा,
आजा सतारीची जवारी,
आज चष्मा कपाळावर चढवून नुसता बघत बसलेला.
"चिनी वीणा," म्हणाले. "टिकल्या तेरा, शिंपल्याच्या.
तीन पडल्यात. तू तांब्याच्या कापून दे."

खुर्चीतल्या बाई
नाशिकरोडच्या दाताच्या डॉक्टरांच्या आई, जन्म कलकत्त्याचा.
बासष्ट साली बापाला कॅम्पात नेलं, म्हणाल्या,
मलाही. अकरा वर्षांची होते.
"देवळी." मी ऐकलं देवळाली.
म्हटलं, जवळच की, शालिमारवरून बस मिळते.
बाई हसल्या. दस्तगीरभाई हसले नाहीत.
देवळी राजस्थानात. काटेरी तार आणि वाळू.
तोवर ही शेजाऱ्याच्या घरी, फळी म्हणूनच,
वर लोणच्याच्या बरण्या.
तेलाचे गोल डाग अजून आहेत.

येवल्याहून रेशीम आणलं, पैठणीचं, रंगात बुडायच्या आधीचं.
दस्तगीरभाई पीळ घालत, मी टोक धरून उभा,
आणि बाई सांगत.

एकाने म्हणे चुलीतल्या लाकडाची तडतड ऐकली,
धावत जाऊन ओंडका ओढून काढला, त्याचं वाद्य केलं.
शेपटाशी जळकी खूण तशीच ठेवली.
मला अमरधाम आठवलं.
आम्हीही तिथे आवाजाचीच वाट बघतो,
पण तो आला की उठून घरी जातो.

दुसरा वाजवायचा तेव्हा समोर एक लाकूडतोड्या बसे.
याच्या मनात डोंगर, की तो म्हणे, केवढा डोंगर.
याच्या मनात नदी, की तो म्हणे, पाणी आलं.
लाकूडतोड्या मेला. याने त्याच्या मातीवर
वाद्य आपटून फोडलं, पुन्हा हात लावला नाही.
"येडा," दस्तगीरभाई म्हणाले,
"माझ्याकडे आणायचं. जोडून दिलं असतं."
मागे भिंतीवर दिघे मास्तरांचा दिलरुबा.
न्यायला कोणी येणार नाही हे ठाऊक असून
काल त्याच्या तारा बदलल्या यांनी.

एकाची मान कापायची होती.
त्याने सावली बघितली, अजून वेळ आहे म्हणाला,
कुणाला न शिकवलेली चाल वाजवली.
आणि एकाच्या वाद्याला तारच नव्हती,
दारू पिऊन नुसता हात फिरवायचा.
"हा आपल्यातला," मी म्हटलं.

बाईंकडे बापाची वही.
कोणतं बोट, कोणती तार, कितव्या टिकलीपाशी,
सगळं लिहिलेलं.
किती थांबायचं ते मात्र लिहीत नाहीत.
ते ज्याचं त्याने वर्ष वर्ष बसून शोधायचं.
बापाने एक चाल निम्मी शोधली होती,
कॅम्पात, चटईवर, बोटांनी.

टिकल्या मी फुटक्या बंबाच्या पत्र्यातून कापल्या.
दहा पांढऱ्या, तीन लाल. बाई म्हणाल्या, असू दे.

दुपारी आळी जेवायला बसल्यावर त्यांनी वाजवलं.
मला काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला बोलू.
टेबलावर तळवा ठेवला.
पत्रा किती ताणला गेलाय ते ठोक्याआधी हाताला कळतं,
तसं काहीतरी येत होतं,
परत जात होतं.
"संपलं," दस्तगीरभाई माझ्या कानाशी ओरडले.

बाईंचं बोट अजून सरकत होतं,
माझ्या तांब्यावरून पुढे,
तेलाच्या डागापर्यंत.
मी हात काढला नाही.